परसातील कुक्कुटपालन

परसातील कुक्कुटपालन : घराच्या परसात, अंगणात किंवा आवारात कुटुंबाच्या गरजेपुरत्या अंड्यांसाठी व प्रसंगी मांसासाठी थोडे पक्षी पाळण्याच्या पद्धतीस परसातील कुक्कुटपालन म्हणतात. पाच-सहापासून वीस-पंचवीसपर्यंत पक्ष्यांचा लहान थवा, घरातील माणसांचे श्रम, स्थानिक साहित्याचे खुराडे आणि धान्याची कणी, कोंडा, भाजीचा पाला व किडामुंगी यांवर अंशतः भागणारा खुराक ही या पद्धतीची लक्षणे होत. कोंबडी हा यातील मुख्य पक्षी असला, तरी जपानी लावा हा लहान पक्षीही जागेची टंचाई असलेल्या शहरी घरांतून पाळला जाऊ लागला आहे. प्रस्तुत नोंदीत या दोन पक्ष्यांच्या छोट्या थव्याची सुरुवात कशी करावी याचे विवेचन सोलापूर शहर व त्याभोवतालचा कोरडवाहू प्रदेश समोर ठेवून केले आहे. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील इतर गावांनाही ते बव्हंशी लागू पडते.

कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा होय. सह्याद्रीत व दक्षिण भारतात आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही (गॅलस सोनेराटी) पाळीव कोंबडीच्या घडणीत वाटा आहे. अनेक पाळीव जातींच्या त्वचेचा पिवळा रंग त्याच्याकडून आल्याचे २००८ मध्ये आनुवंशिक अभ्यासाने दाखविले. कोंबडी माणसाळली ती नेमकी कधी व कोठे, यासंबंधीचे मत अलीकडे बदलले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार निःसंशय पाळीव म्हणता येतील असे सर्वांत जुने अवशेष मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून त्यांचा काळ इ. स. पू. सु. १६५० ते १२५० असा आहे. भात व भरडधान्ये यांच्या कोरडवाहू शेतीमुळे रानकोंबडे वस्तीजवळ ओढले गेले असावेत, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. खळ्यावर सांडलेल्या दाण्यांसाठी माणसाच्या आश्रयाला आलेला हा पक्षी ज्वारीच्या मुलखात घरोघरी दिसावा, हे त्या दृष्टीने स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

जपानी लावा (कॉटर्निक्स जॅपोनिका) जपानमध्ये प्रथम त्याच्या आवाजासाठी पाळला जात असे. अंड्यांसाठी त्याची पैदास विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात त्याचे पाळीव वाण जवळजवळ नष्ट झाले होते. उरलेल्या थोड्या पक्ष्यांपासून ते पुन्हा वाढविण्यात आले. भारतात हा पक्षी १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाहून इज्जतनगर (बरेली) येथे आणला गेला व पुढे तेथीलच केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत त्याचे अंड्यांसाठी व मांसासाठी सुधारित वाण तयार झाले. सोलापूर जिल्ह्याच्या माळरानांवर, विशेषतः नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात, आढळणारे रानलावे हे मात्र वेगळे पक्षी आहेत. त्यांना पकडणे, पाळणे वा विकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. आठवडे बाजारात पिंजऱ्यातून विकायला येणारे लावे सुरुवातीसाठी घेऊ नयेत, याचे हे एक कारण आहे. उलट पाळीव जपानी लावे कंटाळा आला म्हणून माळावर सोडून देणेही अयोग्य होय. यूरोपात अशा सुटलेल्या पक्ष्यांचा स्थानिक लाव्यांशी संकर झाल्याचे आढळले आहे.

घरगुती पालन मागे का पडले : एके काळी गावठी कोंबडी हे घरातील बाईच्या हातखर्चाचे साधन होते. अंडी विकून आलेले पैसे सहसा तिच्याच गाठीला राहत. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज ही संस्था स्थापन केली. तिच्यासारख्या उबवणूक केंद्रांच्या वाढीबरोबर अंड्यांचे उत्पादन मोठ्या पिंजराघरांकडे गेले. वर्षाला ३०० हून अधिक अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीपुढे ५० ते ७० अंडी देणारी गावठी कोंबडी हिशेबात टिकेना. तथापि दोहोंची तुलना केवळ अंड्यांच्या संख्येवर करणे न्याय्य नाही. संकरित कोंबडी नियंत्रित निवारा, तयार खाद्य व काटेकोर लसीकरण यांवाचून तग धरीत नाही. ती खुडूक होत नाही म्हणून पिलेही काढीत नाही. गावठी कोंबडी कमी घालते, पण ऊन, अर्धपोट आणि मुंगूस यांच्याशी सामना करीत पुढची पिढी स्वतः वाढविते. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणून परसासाठी काही सुधारित वाण तयार करण्यात आले आहेत.

पक्ष्यांची निवड : हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाचे वनराजा व ग्रामप्रिया, बंगलोरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज आणि इज्जतनगरचे कारी निर्भीक व कारी श्यामा हे वाण परसासाठी प्रसिद्ध आहेत. यांपैकी वनराजा व गिरिराज अंगाने भारी असून अंडी व मांस अशा दुहेरी उपयोगाचे आहेत. ग्रामप्रिया अंड्यांकडे अधिक झुकणारी आहे. कारी निर्भीकमध्ये असील या लढाऊ देशी जातीचे, तर कारी श्यामामध्ये कडकनाथचे रक्त आहे. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ-धार भागातील काळ्या मांसाची जात होय. तिच्या मांसाविषयी बाजारात जे गुणगान ऐकू येते ते बरेचसे अतिरंजित आहे, आणि त्याच्या भरवशावर चढ्या भावाने पिले घेऊन अनेकांनी हात पोळून घेतले आहेत. ऱ्होड आयलंड रेड ही तांबूस विदेशी जात महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याच्या केंद्रांमार्फत पूर्वीपासून वाटली जाते व ती येथील हवेत रुळली आहे. सोलापूरच्या उन्हाचा विचार करता अतिभारी शरीराच्या वाणापेक्षा मध्यम बांध्याची, अंगावर पिसे कमी व तुरा मोठा असलेली कोंबडी बरी. तुऱ्यातून व गलोलीतून शरीरातील उष्णता बाहेर पडते.

पिले विश्वासार्ह उबवणूक केंद्रातूनच घ्यावीत. पुण्याजवळ खडकी येथे राज्य शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तर जिल्ह्याच्या पातळीवर सघन कुक्कुट विकास गटांमार्फत पिलांचे वाटप होते. रस्त्यावर वा जत्रेत हिरव्या, गुलाबी रंगात बुडवून विकली जाणारी पिले मुलांच्या हट्टाखातर घेतली जातात. अंड्याच्या जातींची पिले उबवणूक केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी निवडून वेगळी केली जातात आणि निरुपयोगी ठरलेले नर अशा रीतीने बाजारात येतात. त्यांना सहसा लस दिलेली नसते. बहुतेक आठवड्याभरात दगावतात व जगलेले कधीच अंडी घालीत नाहीत. नवख्या माणसाने एक दिवसाच्या पिलांपेक्षा चार ते सहा आठवडे वाढविलेली, लसीकरण झालेली पिले घ्यावीत. किंमत जास्त पडली, तरी ऊब देण्याचा सर्वांत नाजूक काळ त्यात टळतो.

किती पक्ष्यांनी सुरुवात करावी याचे उत्तर कुटुंबाच्या गरजेवरून काढता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दर माणशी वर्षाला १८० अंडी लागतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ७२०. परसातील सुधारित कोंबडी चांगल्या निगराणीत वर्षाला सु. १३० अंडी देते असे धरल्यास सहा कोंबड्या पुरतात. दगावणाऱ्या व खुडूक बसणाऱ्या लक्षात घेऊन आठ ठेवाव्यात. एका कोंबडीच्या अंड्याबरोबर लाव्याची पाच अंडी होतात, म्हणून तीच गरज केवळ लाव्यांवर भागवायची, तर वर्षाला सु. २५० अंडी घालणाऱ्या १४-१५ माद्या लागतील. यांना सगळी मिळून जागा मात्र एका कपाटाएवढी पुरते.

खाद्याचा हिशेबही यासंगती पाहण्याजोगा आहे. बंदिस्त ठेवलेली कोंबडी दिवसाला सु. ११० ग्रॅ. म्हणजे वर्षाला ४० किग्रॅ. खाद्य खाते आणि १३० अंड्यांच्या रूपाने साधारण ६.५ किग्रॅ. अंडी देते. म्हणजे किलोभर अंड्यांमागे सहा किलोंवर खाद्य लागते. लावा दिवसाला सु. २५ ग्रॅ. प्रमाणे वर्षाला ९ किग्रॅ. खाऊन २.५ किग्रॅ. अंडी देतो. येथे हेच प्रमाण साडेतीन-चार किलोंवर येते, पण त्याचे खाद्य अधिक प्रथिनयुक्त व म्हणून महाग असते. पिंजराघरातील संकरित कोंबडी मात्र सव्वादोन-अडीच किलोंत हे काम करते. सर्व खाद्य विकत आणून परसातील कोंबडी कधीच स्वस्त पडत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. तिला मोकळे फिरण्यास जागा आणि घरचे उरलेसुरले देता आले, तरच ती परवडते. ज्यांच्यापाशी फिरवण्यास जागा नाही त्यांनी कोंबड्यांचा हव्यास न धरता लावे पाळणे अधिक शहाणपणाचे.

जागा व निवारा : सोलापुरात सात रस्ता, रेल्वे लाइन्स यांसारख्या भागांत जेथे घराला आवार शिल्लक आहे तेथे कोंबड्या ठेवता येतात. पूर्व भागातील विणकरांच्या दाट वस्तीत किंवा बहुमजली इमारतींत ते शक्य होत नाही. शेजाऱ्यांना उपद्रव झाल्यास महानगरपालिका कारवाई करू शकते, म्हणून आरंभीच शेजाऱ्यांशी बोलून घेणे इष्ट. तक्रारी येतात त्या मुख्यतः दुर्गंधीच्या व कोंबड्याच्या आरवण्याच्या. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे अनेकांना माहीत नसते. नर नसताही कोंबडी तितकीच अंडी घालते, फक्त ती उबवून पिले निघत नाहीत. अशी अफलित अंडी उन्हाळ्यात अधिक दिवस टिकतात. फलित अंड्यात मात्र सु. २५° से. च्या पुढे गर्भाची थोडीथोडी वाढ सुरू होऊन ते लवकर नासते. कोंबडा डालग्याखाली झाकल्याने आरवणे थांबत नाही. नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविल्याप्रमाणे त्याचे पहाटेचे आरवणे उजेडावर नव्हे, तर शरीरातील घड्याळावर चालते. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण उलट बाजूनेही खरी आहे.

दहा कोंबड्यांच्या खुराड्यास सु. २ चौ. मी. तळ लागतो. खुराडे जमिनीपासून हात-दीड हात उंच असावे व त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी शिरते. उत्तर व दक्षिण बाजूंस जाळी, पूर्व व पश्चिमेस भिंत असावी. रात्री बसण्यासाठी आडव्या दांड्या दर पक्ष्यास २० सेंमी. याप्रमाणे द्याव्यात. त्या चौकोनी काठाच्या न घेता गोलसर घ्याव्यात. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक अंधारी पेटी पुरते. खोके, टोपले वा फुटका माठ आडवा ठेवला तरी चालते. जाळी अर्ध्या इंचाची व खिळ्यांनी घट्ट बसविलेली हवी. मांजर, मुंगूस व घूस यांना सैल कोपरा सापडल्यावाचून राहत नाही आणि मुंगूस एका रात्रीत सगळे खुराडे रिकामे करू शकते.

लाव्यांचे पिंजरे वेगळ्या प्रकारचे असतात. घाबरल्यास हा पक्षी सरळ वर उडी मारतो व त्याचे डोके छताला आपटते. म्हणून पिंजऱ्याची उंची २५ ते ३० सेंमी. हून जास्त नसावी, किंवा मग छत कापडाचे व बरेच उंच असावे. मधली उंची सर्वांत घातक. कोंबड्या व लावे एकाच खुराड्यात कधीही ठेवू नयेत. कोंबड्या लाव्यांना टोचून जायबंदी करतात, आणि एका पक्ष्यात सौम्य राहणारे काही आजार दुसऱ्यात उग्र होतात. लाव्यांच्या पिंजऱ्याची जागा, भांडी व झाडूही निराळे असावेत. नर-मादी ओळखणे कोंबडीच्या पिलांपेक्षा सोपे असते : तीन आठवड्यांनंतर नराची छाती एकसारखी तांबूस, तर मादीची फिकट व काळ्या ठिपक्यांची दिसते. पाळीव लावी स्वतः अंडी उबवीत नाही. पिले काढायची असल्यास उबवणूक यंत्र लागते. त्यास १७-१८ दिवस, तर कोंबडीस २१ दिवस लागतात. लाव्याचे पिलू जन्मतः अवघे ७-८ ग्रॅमचे असून पाण्याच्या उथळ ताटलीतही बुडून मरते. त्यामुळे पहिला आठवडा ताटलीत खडे किंवा गोट्या घालून मगच पाणी भरावे. सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते, आणि नवशिक्याला या पक्ष्याचे आकर्षण वाटते ते मुख्यतः यामुळेच.

पिलांना ऊब देण्यासाठी गोलाकार पुठ्ठ्याच्या कडेत विजेचा दिवा टांगतात. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर ३५° से. तापमान ठेवून दर आठवड्यास ३° से. कमी करतात. तापमापकापेक्षा पिलांकडे पाहणे उपयोगी. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडी टाकीत असतील तर उकडते आहे, सर्वत्र पांगून खात असतील तर ठीक चालले आहे.

सुरुवातीचा काळ : सोलापुरात पाऊस वर्षाला सरासरी सु. ५५० मिमी. पडतो, त्यातही सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३° से. पर्यंत सहज चढतो. कोंबडीची पिले जुलै-ऑगस्टमध्ये आणल्यास ती पाच-सहा महिन्यांनी, थंडी सरता सरता, अंड्यावर येतात. दिवस मोठा होत जाण्याचा काळ त्यांना तेव्हा मिळतो आणि उन्हाळ्यापूर्वी त्यांची वाढ पुरी झालेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलेल्या पिलांना वाढीच्या ऐन काळात उन्हाचा तडाखा बसतो. येथे डिसेंबरात दिवस सु. ११ तासांचा असतो व अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. थंडीत अंडी कमी होण्याचे कारण बहुधा थंडी नसून हा अपुरा उजेड असतो. पहाटे दोन-तीन तास लहान दिवा लावल्यास फरक पडतो.

उष्णता : या प्रदेशातील परसातल्या थव्याचा खरा कस मे महिन्यात लागतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान सु. ४१° से. असून तिला घर्मग्रंथी नसतात. बाहेरची हवा ३०-३२° से. च्या पुढे गेली, की ती पंख अंगापासून दूर धरते व चोच उघडून धापा टाकते. श्वसनमार्गातील पाण्याच्या बाष्पीभवनाने तिचे शरीर थंड होते. या धापांचा एक दुष्परिणाम असा, की रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो, त्यामुळे कवच बनविण्यास लागणारे बायकार्बोनेट कमी पडते व अंडी पातळ कवचाची होतात. अशा वेळी कवच पातळ झाले म्हणून नुसता चुना वाढविल्याने भागत नाही, पक्ष्याला गारवा मिळाला पाहिजे. पारा ४० च्या पुढे गेला व हवा साचून राहिली, तर भारी कोंबड्या दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान पटापट मरतात. लावे अंगाने लहान असल्याने थोडे अधिक तग धरतात.

पत्र्याचे छप्पर हे या मुलखातील सर्वांत मोठे चुकीचे पाऊल होय. जुन्या सोलापुरी घरांच्या माळवदाला पांढऱ्या मातीचा जाड थर असे व त्याखाली दुपारीही गारवा राही. खुराड्यास तसे छप्पर शक्य नसले, तरी पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या वा उसाचे पाचट वीतभर जाड पसरून त्यावर दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. पत्रा असाच ठेवायचा, तर त्यास चुन्याची सफेदी द्यावी. जाळीच्या बाजूंस गोणपाट ओला करून सोडतात, परंतु सगळ्या बाजू बंद करू नयेत, नाहीतर आत दमट वाफ साठून धापेने होणारे बाष्पीभवनच थांबते. कडुलिंब, शेवगा किंवा भोपळ्याचा वेल यांची सावली कोणत्याही पंख्यापेक्षा स्वस्त असते. खाद्य पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावे, दुपारी देऊ नये. अन्न पचविताना शरीरात उष्णता निर्माण होते, ती नेमकी दुपारी नको असते. पाणी मातीच्या भांड्यांतून सावलीत ठेवावे. एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटरपर्यंत पाणी पिते, उन्हाळ्यात याच्या दुप्पट. सोलापूरला उजनी जलाशयातून पाणी मिळते, पण ते रोज नळाला येईलच असे नाही. पक्ष्यांसाठी दोन-तीन दिवसांचे पाणी झाकून साठविण्याची सोय झाल्यावाचून पक्षी आणू नयेत.

खाद्य : मंगळवेढा व मोहोळ परिसरातील मालदांडी ज्वारी, म्हणजे शाळू, पक्ष्यांना मक्याच्या जागी चांगली चालते. मात्र तिच्यात पिवळी रंगद्रव्ये नसल्याने बलक फिकट होतो. पोषणदृष्ट्या त्यात उणे काही नाही, तरी पिवळा बलक हवा असेल तर लसूणघास किंवा शेवग्याचा पाला द्यावा. घरी मिश्रण करावयाचे झाल्यास ज्वारी व मका यांचा भरडा ५५ भाग, सोयाबीन पेंड २५, कोंडा १०, शिंपल्यांचा चुरा ८ आणि खनिज मिश्रण, जीवनसत्त्वे व मीठ मिळून २ भाग हे प्रमाण अंड्यावरील कोंबड्यांस योग्य होय. त्यात प्रथिने सु. १७ ते १८ टक्के पडतात. लाव्यांना हीच मात्रा २० टक्क्यांच्या वर व पिलांना २४ टक्क्यांच्या वर लागते, म्हणून कोंबडीचे खाद्य लाव्यांपुढे टाकून चालत नाही. सरकीची पेंड टाळावी, तिच्यातील गॉसिपॉलमुळे साठविलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. शेंगदाण्याची पेंड स्वस्त व सुलभ असली, तरी ओलसर जागी ठेवल्यास तिच्यावर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. या विषाचा शोधच मुळी पक्ष्यांच्या मरणातून लागला. १९६० मध्ये इंग्लंडात ब्राझीलमधून आलेली शेंगदाणा पेंड खाऊन लाखावर टर्की पिले दगावली होती. घरातील कीड लागलेले, वास येणारे धान्य ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून घालण्याची सवय याच कारणास्तव सोडली पाहिजे. बुरसलेला कडबा किंवा भुसा तळाशी अंथरल्याने पिलांना फुफ्फुसाचा बुरशीजन्य आजार होतो.

रोग : परसातील थवा एकाएकी नाहीसा होतो तो बहुधा मानमोडीने, म्हणजेच राणीखेत रोगाने. हा विषाणुजन्य रोग १९२६ च्या सुमारास जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आढळला आणि लवकरच कुमाऊँमधील राणीखेत येथेही दिसून आला. त्यावरून भारतात त्यास हे नाव पडले. मान वळणे, हिरवी हगवण, पंख लुळे पडणे ही लक्षणे दिसू लागल्यावर उपाय राहत नाही. प्रतिबंधक लस हाच एक मार्ग आहे. पिलास ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात वा नाकात थेंबाने लासोटा किंवा एफ-१ ही लस व आठव्या आठवड्यात आर२बी ही लस टोचतात. मॅरेक रोगाची लस उबवणूक केंद्रातच पहिल्या दिवशी दिली जाते. गंबोरो रोगाची लस दुसऱ्या आठवड्यात व देवीची सहाव्या ते आठव्या आठवड्यात देतात. राज्यात अशा लसी पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात. अडचण असते ती लस मिळण्याची नव्हे, तर ती जिवंत ठेवण्याची. राणीखेतची नेहमीची लस म्हणजे दुर्बल केलेला जिवंत विषाणू. ती बर्फात ठेवून आणावी लागते, पातळ केल्यावर तास-दोन तासांत वापरावी लागते व उन्हात पिशवीतून आणलेली कुपी म्हणजे नुसते पाणी होय. शिवाय एका कुपीत शंभरावर मात्रा असतात आणि घरी पक्षी असतात आठ. आळीतील चार-पाच घरांनी एकाच दिवशी सर्व पक्ष्यांना लस देण्याची तजवीज केली, तर खर्च वाचतो आणि रोगाला आळीत पाय ठेवायला जागा राहत नाही. लाव्यांत राणीखेत तुलनेने क्वचित होतो व त्यांचे लसीकरण सहसा करीत नाहीत. त्यांना आतड्याचा व्रणयुक्त दाह अधिक सतावतो आणि तो घाणीतून पसरतो.

बर्ड फ्ल्यू (एच५एन१) या रोगाची भारतातील पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात उद्‌भवली. हा तालुका मोठ्या कुक्कुटगृहांचा, तसाच बुसरा या देशी जातीच्या गावठी कोंबड्यांचाही. साथ आटोक्यात आणण्यासाठी केवळ कुक्कुटगृहांतील नव्हे, तर घरोघरच्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे, व पुढच्याच महिन्यात पुन्हा नवापूर येथे, तोच प्रसंग आला. अशा वेळी बाधित ठिकाणापासून १ किमी. च्या परिसरातील सर्व पाळीव पक्षी नष्ट केले जातात, मग ते निरोगी दिसोत वा आजारी. मालकास शासनाकडून भरपाई मिळते. परंतु भरपाई मिळते ती मोजून नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. एकाएकी अनेक पक्षी दगावले, तर भीतीने ते लपविणे, उकिरड्यावर टाकणे वा घाईघाईने विकणे हे घरातील माणसांच्या जिवाच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे, मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये व मुलांना दूर ठेवावे. पाहुण्याने आणलेली कोंबडी थेट थव्यात न सोडता दोन-तीन आठवडे वेगळी ठेवणे आणि बाजारातून आल्यावर चपला खुराड्याबाहेर काढणे या साध्या सवयी एरवीही उपयोगी पडतात.

अंडी : अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. उन्हाळ्यात सकाळचे अंडे संध्याकाळपर्यंत खुराड्यात राहू देऊ नये. मळलेली अंडी कोरड्या फडक्याने पुसावीत. थंड पाण्याने धुतल्यास कवचावरील नैसर्गिक लेप जातो व छिद्रांवाटे जंतू आत शिरतात. शीतकपाट नसेल तेथे चुन्याच्या निवळीत काही तास बुडवून सावलीत वाळविण्याची जुनी रीत अजूनही कामाची आहे, त्यामुळे छिद्रे बुजतात. लाव्याच्या अंड्याचे कवच ठिपकेदार व पातळ, पण आतील पापुद्रा चिवट असतो. ते टकटक करून न फोडता लहान कात्रीने टोक कापून उघडतात. दमा, मधुमेह, रक्तदाब बरा होतो म्हणून ही अंडी विकली जातात, त्यास वैद्यकीय आधार नाही. पोषणदृष्ट्या ती कोंबडीच्या अंड्यासारखीच होत.

विष्ठा दररोज खरवडून पाचट किंवा कोरड्या पाल्याच्या थरांमध्ये खड्ड्यात कुजत घालावी. ताजी विष्ठा झाडाच्या बुंध्याशी टाकल्यास मुळे जळतात. तीन-चार महिन्यांनी तयार होणारे खत अंगणातील भाजीला व डाळिंबाच्या झाडांना उत्तम असते. तळावरील तूस किंवा भुसा ओला होऊ न देता आठवड्यातून दोनदा उकरून वरखाली केला, तर अमोनियाचा वास येत नाही. पावसाळ्यात तो गच्च होऊ लागल्यास त्यात थोडा भुकटी चुना मिसळून पुन्हा उकरावा.